झाड पाण्यातून बाहेर कसं आलं, हे मुलांना सांगायचं की नाही?

नववीच्या परीक्षेत 'ऊती म्हणजे काय?' हा प्रश्न जवळजवळ ठरलेला. उत्तरही ठरलेलं. ठरावीक काम करणाऱ्या सारख्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. मग प्रकार: विभाजी ऊती, स्थायी ऊती, मूल ऊती, स्थूलकोन ऊती, दृढ ऊती, जलवाहिनी, रसवाहिनी. आकृती काढा, भागांना नावे द्या. मुलं पाठ करतात, लिहितात, पास होतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर विचारलं तर निम्म्यांना नावंही आठवत नाहीत, आणि त्यात मुलांचा काही दोष आहे असं मला वाटत नाही.

मी विज्ञान शिकवत नाही. मालेगावात एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते. पण आमच्याकडे एक अडचण आहे, ती उर्दू शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असेल. दहावीपर्यंत सगळं उर्दूतून, आणि अकरावीला सायन्स घेतलं की एका उन्हाळ्यात सगळं इंग्रजीतून. त्यामुळे हुशार मुली (हो, आमच्याकडे सायन्सला मुलीच जास्त धडपडतात) आपली पुस्तकं घेऊन माझ्याकडे येतात. "मिस, इसका मतलब क्या?" शब्दांचा अर्थ लावण्यासाठी मला हे धडे उर्दू, मराठी आणि इंग्रजी असे तिन्ही भाषांत शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात. गेली काही वर्षं हे चालू आहे.

या वाचनातून माझं एक मत बनलं आहे. वनस्पतींच्या ऊतींचा धडा आपण कारणाशिवाय शिकवतो. अमुक भागाला जलवाहिनी म्हणतात हे सांगतो, पण ती मुळात का लागली हे सांगत नाही. ते कारण उत्क्रांतीत आहे, आणि उत्क्रांती आपण दहावीच्या दुसऱ्या एका धड्यात बंद करून ठेवली आहे. तिथे चर्चा माणसाच्या पूर्वजापाशी जाते आणि आमच्या वस्तीत ती 'बंदर' या एका शब्दावर येऊन थांबते. हे दोन्ही धडे एकत्र वाचले पाहिजेत. उत्क्रांतीचा विचार आपल्या घरांत यायचा असेल तर त्याने झाडाच्या दाराने यावं. त्या दाराशी कुणी काठी घेऊन उभं नाही.

आधी शब्दांचं बोलते, कारण माझा प्रांत तोच आहे.

इंग्रजीतला 'टिश्यू' जुन्या फ्रेंचमधून आला, अर्थ विणलेलं कापड. उर्दूत त्याला 'बाफ्त' म्हणतात. फारसीत 'बाफ्तन' म्हणजे विणणं. जरीच्या कापडाला जरबफ्त म्हणतात आणि उत्तरेतल्या मोमिन-अन्सारी विणकरांना नूरबाफ, त्या सगळ्यांत हाच शब्द आहे. उर्दूत दुसरा शब्द अरबीतून आलेला, 'नसीज'. तोही विणण्याचाच. मराठीतला 'ऊती' संस्कृतातून आला, आणि संस्कृतात 'ऊत' म्हणजे विणलेलं. ऊतींच्या अभ्यासाला इंग्रजीत हिस्टॉलॉजी म्हणतात, त्यातला ग्रीक 'हिस्टॉस' म्हणजे माग किंवा मागावरचं कापड. इतक्या भाषांनी एकाच गोष्टीसाठी एकच चित्र निवडलं. नेहेमिया ग्रू या इंग्रज डॉक्टराने १६८२ मध्ये वनस्पतींच्या अंतर्रचनेवर मोठा ग्रंथ छापला. सूक्ष्मदर्शकाखाली खोडाचा काप पाहून त्याला लेस विणल्यासारखं वाटलं होतं. त्याची कल्पना तशी बरोबर नव्हती, कारण झाडात धागे एकमेकांत गुंफत नाहीत. पेशी विभागत जातात आणि एकमेकींना चिकटून राहतात. पण उपमा टिकली.

आता मालेगावच्या वर्गात बसलेल्या मुलांचा विचार करा. ज्यांच्या घरात सकाळ-संध्याकाळ लूमचा खडखडाट आहे, ज्यांना ताणा-बाणा, बीम, कांडी, धोटा हे शब्द अलिफ-बेच्या आधीपासून माहीत आहेत, अशी ही मुलं 'ऊती' हा शब्द परक्या देशातून आल्यासारखा पाठ करतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही की हा शब्द त्यांच्या बापाच्या धंद्याचा आहे.

सूत तर आणखी जवळचं. कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवरची एक पेशी लांब होत जाते, तीन सेंटिमीटरच्या आसपास पोचते, जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी. मग ती मरते, सुकते, पिळ घेते आणि आपण तिचं सूत काढतो. तिच्यात लिग्निन नावाचं कडक द्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून कापूस मऊ. ताग वेगळा. तो खोडाच्या सालीतल्या दृढ ऊतींचा, त्यात लिग्निन असतं, म्हणून गोणपाट खरखरीत लागतं आणि उन्हात पिवळं पडतं. नारळाच्या काथ्याचंही तेच. पुस्तकात दृढ ऊतींचं उदाहरण म्हणून नारळ असतो. मालेगावच्या मुलाला नारळापेक्षा पोतं आणि सूत जास्त ओळखीचं आहे, पण पुस्तक राज्यभरासाठी एकच असतं.

दुसरा शब्द 'शेवाळ'. उर्दूत 'काई'. पावसाळ्यात हौदाच्या पाण्यावर हिरवा तंग येतो त्यालाही आपण शेवाळ म्हणतो आणि भिंतीवर मखमलीसारखं जे हिरवं उगवतं त्यालाही शेवाळच म्हणतो. दोन्ही हिरवं, दोन्हीवरून पाय घसरतो, म्हणून व्यवहारात एक शब्द पुरतो. विज्ञानात मात्र या दोघांच्या मधे पृथ्वीवरच्या सगळ्यात मोठ्या घटनांपैकी एक आहे. हौदातलं ते शैवाल. भिंतीवरचं ते मॉस, म्हणजे जमिनीवरची वनस्पती. आपला एक शब्द हे सगळं अंतर झाकून टाकतो.

हौदातल्या, डबक्यातल्या त्या तंगात बऱ्याचदा स्पायरोगायरा असतो. पुस्तकात त्याचं चित्र आहे, केसासारखा लांब, आत हिरवा गोल जिना. जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी अलीकडच्या वर्षांत दाखवलं आहे की जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतींचे सर्वात जवळचे जिवंत नातेवाईक म्हणजे याच्याच गटातली शैवालं. म्हणजे वड, आंबा, ज्वारी, गुलाब आणि भिंतीवरचं मॉस हे सगळं एका कुटुंबातलं आणि हौदातला हा हिरवा धागा त्यांचा चुलत घराण्यातला. आजचा स्पायरोगायरा काही आंब्याचा पूर्वज नाही. दोघांचा पूर्वज एक होता, आणि तो गोड्या पाण्यात राहणारा होता.

साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जमिनीवरच्या वनस्पतींचे बीजाणू सापडतात. झाडं नाहीत, पानं नाहीत, फक्त सूक्ष्म बीजाणू, ज्यांच्या भोवती वाळण्यापासून वाचवणारं टणक कवच आहे. पाण्यात राहणाऱ्याला असलं कवच फारसं लागत नाही. हवेत उडणाऱ्याला लागतं.

पाण्यातल्या वनस्पतीची मौज असते. पाणी चारी बाजूंनी, क्षार चारी बाजूंनी, वजन पाणीच उचलतं. ती सगळ्या अंगाने पिते. बाहेर आल्यावर सगळं उलटं होतं. ऊन आणि वारा तिला सुकवतात. पाणी खाली जमिनीत, उजेड वर आकाशात. पाण्याने सावरलेलं अंग हवेत लोळागोळा होतं. नर पेशी पूर्वी पोहत जायची, आता पोहायला पाणी नाही.

ऊतींचा धडा म्हणजे या संकटांची उत्तरं आहेत. सुकू नये म्हणून अंगावर मेणचट थर आला, तो क्युटिकल. पण मेणाने सगळं बंद केलं तर हवाही बंद, आणि कर्बवायू आत आला नाही तर अन्न होणार नाही. म्हणून त्या थरात छिद्रं आली आणि छिद्रांना उघडझाप करणाऱ्या दोन रक्षक पेशी. ती पर्णरंध्रं. मुलं पर्णरंध्राची आकृती सुंदर काढतात, दोन घेवड्याच्या बियांसारखी. पण ही आकृती एका सौद्याची आहे, श्वास घ्यायचा तर पाणी गमवायचं, पाणी वाचवायचं तर श्वास रोखायचा, हे त्यांना कळलं तर ती आकृती विसरणार नाहीत. आपल्या दुष्काळी भागातलं पीक भर दुपारी पर्णरंध्रं मिटून बसतं ते याच सौद्यापायी.

मग नळ. मॉसला नळ नाही. खरं तर काही मॉसमध्ये पाणी वाहणाऱ्या साध्या पेशी असतात, पण लिग्निनने मजबूत केलेली जलवाहिनी नाही. म्हणून ते भिंतीला बिलगून राहतं, बहुतेक वेळा बोटाच्या पेराएवढंही वाढत नाही. उन्हाळ्यात ते वाळून काळं पडतं आणि मेल्यासारखं दिसतं, पहिल्या पावसात काही मिनिटांत पुन्हा हिरवं होतं. सुकायचं आणि परत उठायचं, हाही जगण्याचा एक मार्ग आहे, आणि तो कोट्यवधी वर्षं चालला आहे.

ज्यांना उंच व्हायचं होतं त्यांना नळ लागला. जलवाहिनीच्या नळीची पेशी आधी वाढते, आतून आपल्या भिंतीवर लिग्निनचे कडे किंवा मळसूत्र चढवते, मग मरते. तिच्या आतला जीवद्रव विरून जातो आणि पोकळ नळी उरते. मेल्यावरच ती कामाला लागते. हे वाक्य मी सायन्सच्या एका मुलीला समजावून सांगत होते तेव्हा ती कितीतरी वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मिस, तो लकडी सब मरी हुई है?" बहुतेक, हो. दाराची चौकट, कपाट, वर्गातला बाक, हे सगळं त्या मेलेल्या नळ्यांचं आहे. रसवाहिनीचं उलट. ती जिवंत राहून पानात तयार झालेली साखर वाहते, पण त्यासाठी तिच्या नळीच्या पेशी आपलं केंद्रक सोडून देतात आणि शेजारची सहपेशी त्यांचा कारभार पाहते. एकीने जीव दिला, दुसरीने फक्त अक्कल गहाण ठेवली, असं मी गमतीने सांगते.

पाणी वर कसं चढतं हेही कुणी सांगत नाही. झाडात पंप नाही. पानातून पाणी वाफ होऊन जातं आणि पाण्याचे कण एकमेकांना धरून असल्यामुळे वरचा खालच्याला ओढतो, अगदी मुळापर्यंत. डिक्सन आणि जोली या डब्लिनच्या दोघांनी १८९४ मध्ये हे मांडलं. कॅलिफोर्नियातलं सर्वात उंच रेडवूड ११५ मीटरच्या वर आहे, तिथपर्यंत पाणी असंच जातं. नळीच्या आत ताण इतका असतो की भिंत कच्ची असली तर ती आत पिचकेल, स्ट्रॉ जोरात ओढल्यावर पिचकते तशी. लिग्निनचे कडे त्यासाठी आहेत. तीच कडी मग वजनही पेलू लागली. पाणी नेण्यासाठी केलेली सोय खांब म्हणून कामी आली आणि ३८ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर पहिली जंगलं उभी राहिली.

हे सगळं कुणीतरी बसून रचलेली कहाणी वाटेल, म्हणून पुरावा सांगते. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी नावाचं खेडं आहे. १९१२ मध्ये विल्यम मॅकी नावाच्या डॉक्टरांना तिथल्या कुंपणाच्या दगडांत वनस्पतींचे अवशेष दिसले. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी तिथे गरम पाण्याचे झरे होते. त्यातल्या गारगोटीच्या द्रव्याने आजूबाजूची झुडपं उभीच्या उभी दगडात गोठवली. इतकी नीट की काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पेशी न् पेशी दिसते, पर्णरंध्र दिसतं, पेशींत शिरलेली बुरशीसुद्धा दिसते. किडस्टन आणि लँग यांनी १९१७ ते १९२१ या काळात त्यांची वर्णनं छापली. बहुतेक झाडं वीतभर उंचीची, कित्येकांना पानं नाहीत, खरी मुळं नाहीत. आणि नळाचं काय? ॲग्लाओफायटन नावाच्या वनस्पतीत पाणी नेणाऱ्या पेशी आहेत, पण त्यांना कडी नाहीत, मॉससारख्या साध्या. ऱ्हायनियात कडी असलेल्या साध्या नळ्यांची बारीक दोरी. ॲस्टेरोझायलॉनमध्ये ताऱ्याच्या आकाराचा चांगला जाड नळ, नावच 'ताऱ्याचं लाकूड'. एकाच गावच्या दगडांत नळाच्या तीन तऱ्हा. ज्याला उत्क्रांतीचा पुरावा पाहायचा आहे त्याने माणसाच्या कवटीवर वाद घालण्याआधी हा दगड पाहावा.

यात आपला, महाराष्ट्राचा, काय संबंध? तो कोळशाचा आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांत कोळशाचं जंगल म्हटलं की युरोपातल्या दलदलीचं चित्र असतं. आपला कोळसा त्या जंगलाचा नाही. चंद्रपूर, वणी या भागातला, आणि भारतातला जवळजवळ सगळाच, गोंडवन कोळसा आहे, मुख्यतः २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. ज्या झाडांचा तो बनला त्यांत सर्वात जास्त होतं ग्लॉसोप्टेरिस. जिभेसारखं पान, मधे ठळक शीर, बाजूला जाळीदार शिरा. या शिरा म्हणजेच धड्यातल्या जलवाहिन्या आणि रसवाहिन्या. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्राँनियार यांनी १८२८ मध्ये त्याला नाव दिलं. मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून या थरांना गोंडवन म्हणू लागले, आणि पुढे एडुआर्ड झ्यूस यांनी दक्षिणेच्या आख्ख्या जुन्या खंडालाच ते नाव दिलं. दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती १९१२ मध्ये थंडीने आणि भुकेने मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. वजन टाकून द्यायची वेळ आली तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्यात ग्लॉसोप्टेरिसचे अवशेष निघाले. वर्धा खोऱ्यातल्या खाणीतलं पान अंटार्क्टिकाच्या बर्फातही होतं, कारण तेव्हा दोन्ही भूभाग एकाच खंडात होते.

चंद्रपूरच्या वीजकेंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. राज्यात कुठेही लूम चालते तिच्या विजेत या पानांचा वाटा असतो. लाइट गेली की आमच्या वस्तीत सगळ्या लूम एकदम गप्प होतात आणि शांतता कानाला टोचते. त्या आवाजामागे एक जंगल आहे, हे वर्गात सांगायला दोन मिनिटं पुरतात.

आता विरोधाचं. वर्गशिक्षिका म्हणून माझ्याकडे एकदा एक पालक आले. चार लूम चालवणारे, सज्जन, मुलीला शिकवण्यासाठी काहीही करणारे. म्हणाले, "मिस, बच्ची को वो बंदर वाला सबक मत पढाओ. ईमान का मामला है." मी त्यांच्याशी माणसावर वाद घातला नाही. विचारलं, "भाई, खजूर के झाड़ का ऊपर का सिरा काट दो तो क्या होता है?" म्हणाले, मर जाता है. नीम का? नहीं मरता, फूट जाता है. का, ते मी त्यांना सांगितलं. कडुनिंबाच्या खोडात फांद्या फुटायला जागोजागी कळ्या असतात आणि खोड जाड करणारा विभाजी ऊतींचा थर असतो. खजुराची वाढ जवळजवळ सगळी शेंड्यावर. त्याचे नळ खोडभर विखुरलेले, जाडी वाढवणारा तो थर नाही, म्हणून झाड आधी आपली जाडी पुरी करतं आणि मग उंच होतं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग मी म्हटलं, हे दोन वेगळे नमुने कुठून आले, याचाच तो सबक आहे. त्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पण मुलीने तो धडा वाचला.

खजुरावरूनच एक गोष्ट आपल्या लोकांना सांगण्यासारखी आहे. खजुरात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि अरबस्तानात शेतकरी हाताने परागण करत. सहीह मुस्लिममध्ये प्रसंग आहे की पैगंबरांनी मदिनेत हे काम पाहिलं, याचा काही उपयोग होत असेल असं वाटत नाही असं मत दिलं, लोकांनी ते सोडलं आणि खजूर कमी आले. तेव्हा त्यांनी लोकांना सांगितलं त्याचा आशय असा की, अशा दुनियेच्या कामात त्या कामाची माहिती तुम्हालाच जास्त. हा प्रसंग आपण तकरीरींमध्ये फार क्वचित ऐकतो. झाडाच्या बाबतीत झाडाला विचारावं, इतका साधा त्याचा अर्थ मी घेते.

दुसऱ्या टोकाला व्हॉट्सॲप आहे. 'डार्विनच्या पाचशे वर्षं आधी इब्न खल्दून यांनी उत्क्रांती सांगितली होती', हा मेसेज मला वर्षातून दोनदा तरी येतो. इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या मुकद्दिमामध्ये खनिजं, वनस्पती, प्राणी यांची एक सलग चढती साखळी आहे हे खरं. वनस्पतींची शेवटची पायरी म्हणून त्यांनी खजूर आणि द्राक्षवेलीचं नाव घेतलं आहे, हेही खरं. पण नैसर्गिक निवड, जीवाश्म, एकाच पूर्वजापासून फुटलेल्या शाखा हे त्यात नाही. मोठ्या माणसाला त्याने न केलेल्या कामाचं श्रेय दिलं की त्याने केलेलं काम झाकलं जातं. मला तर नवव्या शतकातले अबू हनीफा दीनवरी जास्त जवळचे वाटतात. त्यांचं 'किताबुन् नबात' म्हणजे वनस्पतींचं पुस्तक. ते भाषेचेही जाणकार होते. अरबी कवितेतले आणि बदूंच्या बोलीतले झाडांचे शब्द गोळा करत करत त्यांनी शेकडो वनस्पतींची वर्णनं लिहिली. भाषेच्या वाटेने झाडापर्यंत जाता येतं, याचा एवढा जुना दाखला आपल्याकडे आहे.

उत्क्रांती वगळण्याचा उद्योग फक्त आपल्या वस्तीत चालतो असंही नाही. एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासक्रम हलका करण्याच्या नावाखाली दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला. २०२३ च्या एप्रिलमध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढलं. बारावीच्या जीवशास्त्रात तो ठेवला आहे, म्हणजे जे मूल बायोलॉजी घेणार नाही त्याला तो शाळेत कधीच भेटणार नाही. आमच्या हातातल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा भाग दोनचा पहिलाच धडा आहे. तो आहे याचं मला समाधान आहे. पण पुस्तकात असणं वेगळं आणि शिकवला जाणं वेगळं. 'हा भाग घरी वाचून या' असं म्हणून हा धडा उरकला जातो, हे मी अनेक शाळांतल्या मुलांकडून ऐकते, आणि त्या शाळा फक्त उर्दूच्या नाहीत.

माणसाचा प्रश्न टाळा, असं मी म्हणत नाही. तो अभ्यासक्रमात आहे आणि शिकवलाच पाहिजे. काही मुस्लिम विचारवंत म्हणतात की श्रद्धेचा प्रश्न आला तर तो आदमपुरता येतो, झाडं आणि प्राणी बदलत गेले हे मानायला अडचण नाही. काही जण तेवढंही मानत नाहीत, काही त्याच्या पुढे जातात. तो वाद मोठ्यांनी करावा. पण वाद करणाऱ्याला निदान पुरावा कसा वाचतात हे माहीत असावं. झाडात ते शिकता येतं, कुणाच्या घराण्याचा अपमान न होता.

शब्दांचा एक शेवटचा मुद्दा आहे आणि तो मला सगळ्यात जास्त खुपतो. मराठीत 'उत्क्रांती', उर्दूत 'इर्तिका'. दोन्ही शब्दांत वर चढणं आहे. मुलांच्या डोक्यात जिना तयार होतो, खाली शेवाळ, मग मॉस, मग नेचे, मग सूचिपर्णी, वर फुलझाडं, आणि टोकाला आपण. पण गोष्ट जिन्याची नाही, फांद्यांची आहे. विहिरीत वाढणारी हायड्रिला पाहा. तिला फुलं येतात, म्हणजे ती फुलझाडांच्याच कुळातली, पूर्वज जमिनीवरचे. ती परत पाण्यात गेली. आता तिची जलवाहिनी नावापुरती उरली आहे, पाण्याखालच्या पानांना पर्णरंध्रं नाहीत, क्युटिकल अगदी पातळ. चारी बाजूंनी पाणी असल्यावर नळ कशाला? तिच्या खोडाचा काप घेतला तर उरलेल्या खुणा दिसतात. ती खाली घसरली नाही, तिची गरज बदलली. उत्क्रांती समजावून सांगायला याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही, आणि ते फुकट मिळतं.

आमच्या विज्ञानाच्या सहकारी शिक्षिकेला मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाजी, पोर्शन कौन पूरा करेगा?" त्यांचं चुकत नाही. प्रयोगशाळेत एक सूक्ष्मदर्शक आहे आणि वर्गात साठच्या वर मुलं. तरी आम्ही ठरवलं आहे की या जुलैत ऊतींचे दोन तास एकत्र घ्यायचे, त्यांचं विज्ञान आणि माझे शब्द. शाळेच्या मागच्या भिंतीवरचं मॉस, हौदातला तंग, विहिरीतली हायड्रिला, एक नेचाचं पान, गोणपाटाचा तुकडा आणि मुलांच्या घरचं सूत, एवढं सामान. भिंग दहा रुपयांवालं चालेल. वहीत शब्द चार लिपींच्या रांगेत लिहायचे नाहीत, एका वेळी एकच: आधी तो ज्या भाषेत मुलाला कळतो त्या भाषेत, मग परीक्षेच्या भाषेत, मग अकरावीच्या इंग्रजीत. पोर्शन दोन तासांनी मागे पडेल. ऑगस्टमध्ये भरून काढू, असं त्या म्हणाल्या आहेत, आणि सूत आणायचं काम चार लूमवाल्यांच्या त्याच मुलीने घेतलं आहे.